मानवी हक्क की मानवाधिकार? आणि ‘प्रादेशिक’ म्हणजे नेमका कुठला प्रदेश?

प्रश्न एका संस्थेसाठी माहितीपत्रकाचा अनुवाद करणाऱ्या वाचकाचा आहे. मूळ मजकूर मानवी हक्कांना राष्ट्रीय, प्रादेशिक आणि आंतरराष्ट्रीय कायद्यांतून मिळणाऱ्या संरक्षणाबद्दल. त्यांचं म्हणणं असं : ‘मी सगळीकडे मानवी हक्क लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून मानवाधिकार केलं. हक्क हा परका शब्द आहे, अधिकार जास्त भारदस्त वाटतो, असं कारण दिलं. बरोबर काय? आणि प्रादेशिक हा शब्द मला खटकतोय, पण का ते सांगता येत नाही.’

आधी निकाल सांगतो. दोन्ही शब्द मराठीत चालतात, चूक कोणताच नाही. पण तुमचं खोडलं गेलेलं परत लिहा.

क्रियापदांकडे बघा. मराठी माणूस हक्क सांगतो, मागतो, बजावतो. दुसरा कुणी तो डावलतो, हिरावून घेतो. अधिकार मात्र दिला जातो, सोपवला जातो, वापरला जातो, गाजवला जातो आणि काढूनही घेतला जातो. मतदानाच्या दिवशी आपण हक्क बजावतो आणि निवडून आलेला माणूस पुढची पाच वर्षं अधिकार गाजवतो. हक्क आपला असतो, अधिकार पदाचा असतो. म्हणून पदावरच्या माणसाला आपण अधिकारी म्हणतो आणि वाटेकऱ्याला हक्कदार.

घरातलं उदाहरण घ्या. धाकटी बहीण भावाला हक्काने सांगते, ‘या दिवाळीला तू यायचंसच.’ वैद्य अधिकारवाणीने सांगतो, ‘मीठ बंद.’ दोन्ही वाक्यांत सांगणाराचं वजन आहे, पण पहिलं नात्यातून आलंय आणि दुसरं ज्ञानातून. ‘हक्काचं घर’, ‘हक्काचा माणूस’ या प्रयोगांत हक्काच्या जागी अधिकार घालून पाहा, लगेच कानाला टोचेल.

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीने दोन्ही अर्थांचं ओझं बहुतेक वेळा एकट्या ‘अधिकार’वर टाकलं. मराठीकडे दोन शब्द आयते होते आणि तिने ते वेगळे ठेवले. टिळकांचं वाक्य दोन्ही भाषांत म्हणून पाहा. मराठीत ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’, हिंदीत ‘जन्मसिद्ध अधिकार’. संविधानाच्या तिसऱ्या भागाचं शीर्षक आपल्याकडे ‘मूलभूत हक्क’, हिंदीत ‘मूल अधिकार’. दिल्लीच्या पाटीवर हिंदीत ‘राष्ट्रीय मानव अधिकार आयोग’, आणि मुंबईत ‘महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग’. वर्तमानपत्रांत मानवाधिकार शिरला तो बहुधा हिंदी बातम्यांचं घाईघाईने मराठी करताना. आता तो रुळलाय, त्याला हाकलायची गरज नाही.

आता ‘परका’ या आक्षेपाकडे. हक्क अरबीतून फारसीमार्गे आला हे खरं. मूळ अरबी शब्दात सत्य, यथार्थ, वाजवी देणं असे अर्थ एकत्र नांदतात. त्याच धातूची भावंडं आपल्या घरात केव्हाची राहतात : हकीकत, तहकीकात, नाहक. आणि माझा लाडका शब्द, हकनाक. ‘हक-ना-हक’, म्हणजे न्याय-अन्याय न बघता, याचा तो झिजलेला अवतार. ‘बिचारा हकनाक गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दात हक्क आणि हक्काचा नकार दोन्ही शेजारी बसलेले असतात. मानवी हक्कांचा सगळा कायदा ज्या एका प्रसंगासाठी आहे, त्याचं क्रियाविशेषण मराठीत आधीपासून तयार आहे.

शिवाय हा परकेपणा एकट्या मराठीचा नाही. कन्नडमध्ये ‘मानव हक्कुगळु’, तेलुगूत ‘मानव हक्कुलु’. गुजराती आणि बंगालीत मात्र अधिकार. म्हणजे दख्खनच्या तीन भाषा एका बाजूला. इथल्या सुलतानी आणि मराठी दफ्तरांतून हा शब्द गावागावांत पोचला आणि जमिनीला चिकटला. आजही गाव नमुना सहाला, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीला, जुने तलाठी ‘हक्काचं पत्रक’ म्हणतात. (सातबारा ज्या कागदपत्रांत मोडतो त्यांना मात्र महसुली कायदा ‘अधिकार अभिलेख’ म्हणतो. सरकारी मराठी सुसंगत असावी अशी अपेक्षा मी फार पूर्वीच सोडली.)

अधिकार या संस्कृत शब्दाचा पिंड वेगळा आहे. शास्त्रांत अधिकार म्हणजे पात्रता. अमुक कर्म कुणी करावं, अमुक विद्या कुणी शिकावी, याचा निवाडा. वेदान्तात ग्रंथाच्या सुरुवातीलाच ‘अधिकारी’ कोण ते सांगायचं, म्हणजे हे कुणासाठी आहे ते. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ या चरणातही तोच अर्थ जवळचा आहे. ब्रह्मसूत्रांतल्या अपशूद्राधिकरणात चर्चा काय आहे? वेदविद्येचा अधिकार शूद्राला आहे का, याची. उत्तर नाही असं दिलंय. पात्रता ठरवून मिळणाऱ्या गोष्टीचं नाव, केवळ माणूस म्हणून जन्मल्यावर असणाऱ्या गोष्टीला द्यायचं का, हा माझा खरा प्रश्न आहे. भारदस्तपणा त्यानंतर बघू.

हक्कालाही डाग आहेत, ते लपवत नाही. जुन्या गावगाड्यात हक्क म्हणजे वतनदाराचं येणं. पाटलाचे हक्क, कुलकर्ण्याचे हक्क, बलुतेदारांचे हक्क. परंपरेने महारांचे ‘बावन हक्क’ सांगितले जात, आणि त्या हक्कांनीच माणसाला पिढ्यानपिढ्या गावकीच्या कामाला जखडून ठेवलं होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते या जखडण्याविरुद्ध. म्हणजे ‘हक्क’ हा काही जन्मजात समतावादी शब्द नव्हता. त्याला तसा करावा लागला.

तो तसा झाला त्या जागांपैकी एक महाड. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तो आपल्यापुरता लागू केला. कागदावर सगळं होतं. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रत्यक्षात तळ्यावर जाता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकरांनी फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेचा दाखला दिला आणि परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तो १० डिसेंबर १९४८ ला, म्हणजे एकवीस वर्षांनी. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये निकालात निघाला, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने. ठरावाने अधिकार दिला होता असं म्हणा हवं तर. हक्क लोकांनी बजावला, आणि तो कोर्टात शाबूत ठरायला दहा वर्षं गेली.

आणखी एक शब्द या चर्चेत ओढून आणतो : हक्कसोड. वडिलांच्या जमिनीवरचा वाटा भावाच्या नावे सोडताना बहिणी जो कागद करतात तो. माझ्या एका मावशीने सही करताना विचारलं होतं, ‘हे सोडल्यावर माहेरी हक्काने यायचं ते चालू राहील ना?’ दुय्यम निबंधकांकडे अर्थातच उत्तर नव्हतं. मिळकतीतला हक्क सोडता येतो. पण मानवी हक्क सोडता येतो का? हा प्रश्न खरोखरच न्यायालयापुढे आला आणि तोही मुंबईतूनच. पदपथावर राहणाऱ्यांच्या वतीने उच्च न्यायालयात लिहून दिलं गेलं होतं की झोपड्यांवर मूलभूत हक्क सांगणार नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर त्या पाडायला आडकाठी करणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात महापालिकेने तोच कागद पुढे केला. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूलभूत हक्कांचं हक्कसोड होत नाही. माणसाने स्वतः लिहून दिलं तरी होत नाही. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हेही त्याच निकालात आलं. (झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, हटवू नका एवढीच सवलत मिळाली.) अधिकार सोपवता येतो, पदाबरोबर सोडता येतो. या जातीचा हक्क सोडता येत नाही. दोन शब्द वेगळे ठेवण्याचं यापेक्षा चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

‘मानवी’बद्दल थोडक्यात. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात माणसांसाठी जो इंग्रजी शब्द होता त्याचा अर्थ पुरुषही होतो. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी तो बदलायला लावला. फ्रेंचमध्ये आजही ‘पुरुषाचे हक्क’ असाही अर्थ निघेल अशीच शब्दयोजना रूढ आहे. आपल्या ‘मानवी’ला ही अडचण नाही, तो आहे तसा ठेवा. लिहिताना ‘मानवी हक्क’ दोन शब्द, ‘मानवाधिकार’ एक. ‘मानवहक्क’ नको, आणि हक्कातला क जोडूनच, ‘हक’ नव्हे.

आता तुमच्या खटकण्याकडे. कान बरोबर सांगतोय. मराठीत प्रादेशिक म्हटलं की राज्य डोळ्यांपुढे येतं : प्रादेशिक पक्ष, प्रादेशिक भाषा, प्रादेशिक परिवहन कार्यालय. ‘प्रादेशिक मानवी हक्क कायदा’ वाचून वाचक समजेल की हा महाराष्ट्राचा कायदा. मूळ मजकुरात म्हणायचंय ते राष्ट्राच्या वरच्या आणि जगाच्या खालच्या पायरीबद्दल. युरोपचा १९५० चा करार आणि स्ट्रासबर्गचं न्यायालय, अमेरिका खंडांचा १९६९ चा करार आणि कोस्टा रिकातलं सान होसेचं न्यायालय, आफ्रिकेची १९८१ ची सनद आणि टांझानियातल्या अरुशाचं न्यायालय. ‘विभागीय’ लिहाल तर विभागीय आयुक्त आठवतील, ‘क्षेत्रीय’ लिहाल तर बँक. मी ‘खंडीय’ सुचवणार होतो, पण अरब लीगची २००४ ची सनद दोन खंडांत पसरलेली, तिथे ते फसतं. म्हणून ‘देशसमूहांचे कायदे’ लिहा. जरा लांब आहे, पण कुणी फसणार नाही.

सगळ्या आशियासाठी अशी मधली पायरी नाही, हे माहितीपत्रकात एका ओळीत जरूर लिहा. भारतीय माणसाला देशातल्या न्यायालयानंतर दाद मागायला स्ट्रासबर्गसारखं काही नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार स्वीकारलेला नाही. इथे ‘स्वाक्षरी’ आणि ‘अनुसमर्थन’ (करार आपल्यावर बंधनकारक असल्याची देशाची मान्यता) यांची गल्लत टाळा. छळाविरुद्धच्या करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, अनुसमर्थन अजून नाही. ‘भारताने करार केला’ एवढं मोघम लिहिलं तर वाचकाला वाटेल की तो बंधनकारक झाला. महिलांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या कराराचं अनुसमर्थन १९९३ मध्ये झालं होतं, म्हणून १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाला त्याचा आधार घेता आला आणि कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं घालून देता आली.

तुमचे तपासनीस ‘माहितीचा अधिकार’ पुढे करतील. २००५ च्या त्या कायद्याचं मराठी नाव तेच आहे, मान्य. पण २००९ चा कायदा ‘शिक्षणाचा हक्क’ म्हणतो, आदिवासींच्या जमिनींचा ‘वन हक्क’ म्हणतो आणि आपल्या राज्याचा २०१५ चा ‘लोकसेवा हक्क’. नाव एकदा राजपत्रात छापलं गेलं की ते विशेषनाम, ते आहे तसंच लिहायचं. बाकी मजकुरात मात्र भेद राखा. त्यांना हे एक वाक्य दाखवा : ‘मानवी हक्कांच्या भंगाची चौकशी करण्याचा आयोगाला अधिकार आहे, भरपाईची तो शिफारस करू शकतो.’ यात हक्क माणसाचा, अधिकार आयोगाचा. आता पहिल्या जागी मानवाधिकार घालून मोठ्याने वाचायला सांगा.

तक्रारदारांसाठी पत्ता छापणार असाल तर त्यावर ‘मानवी हक्क आयोग’च छापा, तेच अधिकृत नाव आहे. कुणी पाकिटावर मानवाधिकार आयोग लिहिलं तरी टपाल पोचतं. घटनेला वर्ष उलटून गेलं असेल तर मात्र आयोगाला चौकशी करता येत नाही, १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३६ तसं सांगतं. ती ओळ ठळक अक्षरांत टाका.