स्पितीला लेन्स कोणती, हे नंतर. आधी गाडीच्या वेळा विचारा

सप्टेंबरअखेर पुण्याच्या ग्रुपबरोबर हिमाचलातल्या स्पितीला निघताय, कार्यक्रमात 'चंद्रताल सूर्योदय' (चंद्रताल हे उंचावरचं तळं) आणि 'की गोम्पा फोटो स्टॉप' (की गावचा बौद्ध मठ) आहे, आणि वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स न्यावी की टेलि (लांबचं जवळ आणणारी), असा तुमचा प्रश्न. लेन्सचं इतर लोक सांगतीलच. मला तो कार्यक्रम वाचून आमचाच आठवला.

आमच्याही कागदावर चंद्रताल सूर्योदय होता. तळ्याकाठी तंबू टाकू देत नाहीत. कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात, आणि गाडी थांबते तिथून पुढे चालावं लागतं. म्हणजे अंधारात गाडी निघायलाच हवी. ड्रायव्हरला मात्र ऑफिसचा निरोप होता, नाश्ता करून निघा. त्याला विचारलं तर म्हणे ऑफिसशी बोला. ऑफिसने निघण्याआधीच सांगून ठेवलेलं, तिथे गेल्यावर ड्रायव्हरशी बोलून घ्या. आणि तिथे मोबाइलला रेंज नाही! तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, वारा सुटला होता, पाण्यातलं प्रतिबिंब गेलेलं. परतल्यावर तक्रार केली, तर पुढच्या ट्रिपवर सवलत देऊ केली. फोटोंसाठी म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते, त्याबद्दल अवाक्षर नाही.

ड्रायव्हरवर राग काढू नका. चंद्रतालच्या वाटेवर बातलच्या बाजूचे नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात, ते सकाळीच ओलांडायचे असतात. म्हणून थांब्यांवर तो घाई करतो, ते रास्तच. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी घ्या: कोणत्या दिवशी गाडी किती वाजता हलणार, कुठे किती वेळ थांबणार. 'फोटो स्टॉप' म्हणजे बहुतेकदा सेल्फीपुरती दहा मिनिटं.

वेळेवर एवढा जोर का, तर खोऱ्यात ऊन कड्यांमुळे उशिरा उतरतं आणि लवकर जातं. पंचांगातला सूर्यास्त तिथे कामाचा नाही. शिखरं उजळलेली आणि नदीपात्र काळंभोर, असं बराच वेळ असतं. तेव्हा सगळं एका चौकटीत कोंबण्यापेक्षा टेलिने उजेडाचा तुकडा उचला. (घ्या, शेवटी लेन्सचं बोललोच.) पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) वाइडवर लावू नका, आकाश एका बाजूला गडद निळं आणि दुसरीकडे फिकं येतं. हे माझं मत, मी हौशी माणूस आहे.

मनाली साधारण २,०५० मीटर, चंद्रताल ४,३०० च्या आसपास. एका दिवसात एवढं चढवणारा कार्यक्रम असेल तर मी तो घेणार नाही. किन्नौरकडून, म्हणजे शिमल्याच्या बाजूने, वाटेत नाको, ताबो ही गावं करत हळूहळू चढा, उंचीमुळे डोकं कमी धरतं. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. ताबोचा मठ इ. स. ९९६ चा आहे, भित्तिचित्रं अप्रतिम, पण आत फोटो काढू देत नाहीत. कॅमेरा गाडीतच ठेवा आणि टॉर्च घेऊन जा, आत अंधार असतो.