आजोबा पन्नास वर्षं तंबाखू खातात, त्यांना काही नाही. मग तिशीतल्या पोराला तोंडाचा कॅन्सर कसा?

हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो, आणि विचारणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेल्या मिश्रणाची, पन्नी असते. "सर, आमचा बुढा पन्नास वर्सांपासून खाऊन राह्यला, त्याले त काई झालं नाई." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. लपवत नाही, नऊ वर्षं मीही दिवसाला चार खर्रे खाल्लेत.

आजोबांना कॅन्सर झाला नाही हे खरं. नुकसान झालं नाही, हे खोटं. ते रोज झालं आणि बरंचसं रोज दुरुस्त होत गेलं. सुपारीला हात न लावणाऱ्या माणसाच्याही प्रत्येक पेशीत डीएनएला दिवसाला हजारो इजा होतात, नुसत्या शरीरातल्या पाण्यानं आणि ऑक्सिजननं. ही दुरुस्ती कशी चालते ते उलगडल्याबद्दल २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले अझीझ सान्जार तुर्कस्तानातल्या एका लहानशा गावचे, आईवडील न शिकलेले. हे मी पोरांना मुद्दाम सांगतो.

खर्ऱ्यात मार दोन बाजूंनी बसतो. चुन्यामुळे सुपारीतून क्रियाशील ऑक्सिजन सुटतो, तो एक. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची कॅन्सरकारक रसायनं पेशीत जाऊन डीएनएच्या अक्षरांना नको ते तुकडे चिकटवतात, तो दुसरा. यातले काही तुकडे उपटायला एमजीएमटी नावाचं प्रथिन आहे. ते तुकडा स्वतःवर ओढून घेतं आणि कायमचं निकामी होतं. एक रेणू, एक इजा. नवा बनायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस पुन्हा पानठेल्यावर उभा.

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर प्रकरण गंभीर. आपल्याकडे वादळात तार तुटली की लाइनमन आधी डीपीवरून लाइट बंद करतो, मगच खांबावर चढतो. पेशीही तसंच करते. एटीएम नावाचं प्रथिन तुटीची वर्दी देतं, पी ५३ नावाचं दुसरं प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं. डीएनएची दुसरी प्रत तयार झालेली असेल तर तिच्यावरून बघून अक्षरं बरोबर भरली जातात. नसेल तर टोकाला टोक जोडून मोकळं. त्यात एखाद-दोन अक्षरं जातातही. मोडतोड आवाक्याबाहेरची असेल, तर पी ५३ त्या पेशीला मरायला लावतं. आता पी ५३ चंच जनुक बिघडलं तर? माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरांमध्ये ते बिघडलेलं सापडतं. मग चालू लाइटवर काम, आणि बिघाडासकट पेशी वाढत राहते.

कॅन्सरला सहसा एकाच पेशीच्या वंशात असे बरेच घाव, आणि तेही नेमक्या जागी, बसावे लागतात. वरच्या थरातली पेशी आज ना उद्या गळून पडणारच. खालच्या थरात, जिथून नव्या पेशी येतात, तिथं घाव बसला तर तो टिकतो. कोणाची दुरुस्ती जन्मतःच थोडी मंद असते. बाकी नशीब. आणि आजोबांच्या बरोबरीचे जे गेले, ते पारावर दिसत नाहीत. आपण मोजतो ते उरलेल्यांना.

गालाच्या पेशींचं प्रॅक्टिकल असतं ना, त्यात मी एकदा स्वतःचाच गाल खरवडला. मिथिलीन ब्लूमध्ये एका पेशीचं केंद्रक गडद निळं, आणि त्याच्या बाजूला तसाच एक टिकलीएवढा ठिपका. तुटलेल्या गुणसूत्राचा तुकडा मागं राहिला की असं छोटं केंद्रक बनतं. माझा तो ठिपका जिवाणूही असू शकेल. खऱ्या तपासणीत वेगळा रंग लावून हजारभर पेशी मोजतात. तरी पोरं एकेक करून डोळा लावत होती आणि खिशातली पन्नी माझ्याच मांडीला टोचत होती. सोडायला त्यानंतरही दीड वर्ष लागलं.

आजोबांना आणि तुम्ही खात असाल तर स्वतःलाही एक तपासणी सांगतो. आरशासमोर तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर दाताच्या डॉक्टरला दाखवा. मला अडीचच जातात.