डी अँझातून बर्कली-कॉर्नेल: ट्रान्सफर आणि आर्थिक मदतीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कुपर्टिनोच्या डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, कम्प्युटर सायन्स (सीएस), जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.८. घरात सगळ्यांना ग्रीन कार्ड, वर्षाचं उत्पन्न साधारण ९५,००० डॉलर, पुण्यात भावाबरोबर सामाईक फ्लॅट. २०२६ च्या फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्राला) ट्रान्सफर होऊन, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला, बर्कली, यूसीएलए किंवा कॉर्नेलला जायचं आहे. पैशाची मदत मिळेल का, आणि आता सप्टेंबरात काय करायचं?

मिळेल. पण ॲडमिशनचे अर्ज आणि मदतीचे अर्ज वेगवेगळे आहेत, वेगवेगळ्या साइटवर आहेत आणि त्यांच्या तारखाही जुळत नाहीत. प्रवेश मिळूनही पैसे हुकतात ते बहुतेक यामुळेच.

आधी विषय बघा, कारण खरा पैसा तिथे वाचतो किंवा जातो. डी अँझाचं वर्ष सेमिस्टरांऐवजी तीन-तीन महिन्यांच्या क्वार्टरांचं आहे, तिथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर पडतात, म्हणजे ९० युनिटांचे २,७९० डॉलर. तोच विषय युनिव्हर्सिटीत पुन्हा करावा लागला तर एका जादा सेमिस्टरचा खर्च या सगळ्याच्या कितीतरी पट होतो. असिस्ट डॉट ऑर्गवर (कुठला विषय कुठे धरला जातो ते दाखवणारी साइट) डी अँझा, बर्कली आणि नेमका मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडून यादी काढा. ‘नेमका’ असं मुद्दाम म्हणतोय. बर्कलीचं ईईसीएस (इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग आणि सीएस) इंजिनीअरिंग कॉलेजात आहे आणि त्याला फिजिक्सची मालिका लागते, सीएसच्या बीएची यादी वेगळी आहे. एकाची यादी बघून दुसऱ्याला अर्ज करणारे दरवर्षी असतात.

गणित १ए ते १डी, २ए, २बी, फिजिक्स ४ए, ४बी, आणि प्रोग्रॅमिंगचे सीआयएस २२ए, २२बी, २२सी अशा साखळ्या आहेत. एक कडी झाल्याशिवाय पुढची घेता येत नाही. फॉलमध्ये २२ए घेतला तर २२सी थेट स्प्रिंगमध्ये येतो, आणि मध्ये एक क्वार्टर जागा मिळाली नाही की गाडी उन्हाळ्यावर जाते. फॉलच्या प्रवेशासाठी लागणारे विषय आधीच्या स्प्रिंगपर्यंत संपवायचे असतात, उन्हाळ्याचा भरवसा धरू नका. कॅल्क्युलसची साखळी अर्धी डी अँझात आणि अर्धी सेमिस्टरवाल्या कॉलेजात करू नका. तुकडे जुळत नाहीत, आणि मधले दोन-तीन धडे कुठेच शिकवले गेले नाहीत म्हणून अख्खी मालिका अपुरी धरली जाऊ शकते. एखाद्या विषयात सी मिळाला असेल तर तो सुधारायला पुन्हा घेण्यात अर्थ नाही. सी-मायनस किंवा त्याखालची ग्रेड असेल तरच यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली आणि यूसीएलए तिचेच कॅम्पस) दुसरी ग्रेड धरते.

३.८ पुरेसा आहे का, हे इथे विचारण्यापेक्षा यूसीच्या साइटवर मेजरनुसार ट्रान्सफरचे आकडे असतात ते बघा. निवडलेल्यांच्या मधल्या ५० टक्क्यांचा जीपीए तिथे दिसतो. सीएससाठी तो बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा वर असतो, म्हणून एक सुरक्षित पर्याय हाताशी ठेवाच. तो म्हणजे टॅग, हमी देणारा करार. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच ठिकाणी करता येतो, १ ते ३० सप्टेंबरमध्ये. म्हणजे याच महिन्यात. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. सँटा बार्बराच्या इंजिनीअरिंग कॉलेजातले मेजर टॅगमधून वगळलेले आहेत आणि सीएस तिथे इंजिनीअरिंगमध्येच येतं. बाकी पाचांची मेजरनिहाय यादीही आधी वाचून घ्या. टॅग केल्याने बर्कलीच्या अर्जावर काही परिणाम होत नाही.

यूसीचा मुख्य अर्ज १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पाठवता येतो. प्रत्येक कॅम्पसचे ८० डॉलर, पात्र असल्यास चार कॅम्पसपर्यंत माफी. निबंध चार, प्रत्येकी ३५० शब्दांची मर्यादा. त्यातला एक सक्तीचा आणि तो मेजरच्या तयारीबद्दल असतो. तिथे बालपणापासूनची संगणकाची आवड सांगत बसू नये, कोणते विषय केले आणि त्यातून काय बनवलं ते लिहावं. शिफारसपत्रं यूसीला लागत नाहीत. आजवर जिथे जिथे कॉलेजचा एकही विषय घेतला ते सगळं लिहायचं. हायस्कूलमध्ये असताना दुसऱ्या कॉलेजात घेऊन सोडून दिलेला विषयसुद्धा. लपवलेलं सापडलं तर दिलेला प्रवेश रद्द होऊ शकतो. जानेवारीत फॉलच्या ग्रेड भरायचा अपडेट फॉर्म असतो, ३१ जानेवारीपर्यंत. तो राहिला की अर्ज अर्धवट पडतो.

आता पैसे. यूसीला फक्त फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फेडरल अर्ज, लागतो. २०२६–२७ चा फाफ्सा १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो आणि त्यात २०२४ चं उत्पन्न धरलं जातं. राज्याच्या मदतीची, म्हणजे कॅल ग्रँटची तारीख २ मार्च, आणि प्रवेशाचा निकाल एप्रिलमध्ये. निकाल लागल्यावर फाफ्सा भरू असं ठरवलंत तर राज्याचे पैसे गेले. दुसरी ठरलेली चूक म्हणजे गेल्या वर्षीचा फाफ्सा पुढे ओढताना यादीत एकटं डी अँझाच राहतं. जिथे जिथे अर्ज केला ती सगळी कॉलेजं घाला, वीसपर्यंत घालता येतात. मुलीचं आणि पालकाचं खातं वेगवेगळं लागतं. आयआरएसकडून (टॅक्स खात्याकडून) माहिती घ्यायची संमती दोघांनीही द्यायची, नाहीतर फेडरल मदत शून्य. जॉइंट टॅक्स भरत असाल तर एकाच पालकाची पुरते. कॅल ग्रँटसाठी डी अँझा जीपीए परस्पर पाठवतं, पण कॉलेजच्या नोंदीत सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तो जुळत नाही. वेबग्रँट्सचं (कॅल ग्रँटच्या साइटचं) खातं उघडून जीपीए पोचलाय का ते फेब्रुवारीतच बघा, आणि प्रवेश पक्का झाल्यावर तिथे कॉलेज बदला.

पुण्याचा फ्लॅट. तुम्ही राहता ते घर फाफ्सात धरत नाहीत, पण हा फ्लॅट गुंतवणूक म्हणून दाखवावा लागतो. दाखवायचा तो तुमचा वाटा, कर्ज वजा जाता, फॉर्म भरायच्या दिवशीच्या भावाने. समजा किंमत ९० लाख, कर्ज ३० लाख आणि तुमचा निम्मा हिस्सा. म्हणजे ३० लाख रुपये, डॉलर ८८ रुपये धरला तर साधारण ३४,००० डॉलर. पालकांच्या मालमत्तेचा फार तर ५.६४ टक्के भाग हिशोबात येतो, म्हणजे १,९०० डॉलरच्या आसपास. यासाठी फ्लॅट लपवण्यात काहीच शहाणपण नाही. गावच्या सातबाऱ्यावर नाव असेल आणि भारतातल्या बँकांत मुदत ठेवी असतील तर त्यांचाही हाच हिशोब.

यूसीत कमी उत्पन्नाच्या कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांना ब्लू अँड गोल्ड योजनेत ट्यूशन फी लागत नाही. ट्रान्सफरवाल्यांना ती दोन वर्षंच मिळते. उत्पन्नाची मर्यादा बरीच वर्षं ८०,००० डॉलर होती, त्या वर्षीचा आकडा साइटवर बघून घ्या. त्यात बसला नाहीत तरी मिडल क्लास स्कॉलरशिपची मर्यादा दोन लाख डॉलरच्या वर आहे, आणि तिला वेगळा अर्ज नाही, फाफ्साच पुरतो. उरलेल्यासाठी कर्ज: तिसऱ्या वर्षाला विद्यार्थ्याच्या नावावर ७,५०० डॉलरपर्यंत. जुलै २०२६ पासून पालकांच्या प्लस कर्जाला वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आली आहे.

कॉर्नेलचा खाक्या वेगळा. अर्ज कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांच्या सामाईक साइटवर), १५ मार्चपर्यंत, आणि तिथे प्रवेश एका विशिष्ट कॉलेजात मिळतो, प्रत्येकाची विषयांची यादी वेगळी. प्राध्यापकांची पत्रं, हायस्कूलची गुणपत्रिका, कॉलेज रिपोर्ट, चालू क्वार्टरच्या ग्रेडचा मिडटर्म रिपोर्ट असं सगळं लागतं. हे फॉर्म कम्युनिटी कॉलेजात फारसे कुणी बघितलेले नसतात, त्यामुळे कुणाची सही लागते ते शोधण्यातच आठवडा जातो. फेब्रुवारीतच सुरू करा. मदतीसाठी फाफ्साशिवाय सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज लागतो, एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर फुकट. तो राहत्या घराचीही किंमत विचारतो. खासगी ठिकाणी आणखी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: किती क्रेडिट धरणार आणि मदत किती सेमिस्टर देणार. बहुतेक ठिकाणी साठाच्या वर सेमिस्टर क्रेडिट घेत नाहीत. पन्नासच धरली आणि मदत चारच सेमिस्टरची असेल तर पाचवं सेमिस्टर तुमच्या खिशातून.

ग्रीन कार्ड आहे म्हणून हे सगळं लागू. एच-फोरवर (पालकांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून) असलेल्या मुलांना फेडरल मदत नाही, आणि २१ पूर्ण झाल्यावर एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं तर यूसीत बाहेरच्यांची जादा फी येते, वर्षाला ३७,००० डॉलरहून जास्त. उलट मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर पालक कोणत्याही व्हिसावर असोत, फाफ्सा चालतो.

२०२४ नंतर घरात नोकरी गेली असेल तर फाफ्सात खाडाखोड करू नका. तो आहे तसा भरा आणि प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाकडे नोकरी संपल्याचं पत्र आणि बेकारभत्त्याचे कागद जोडून वेगळी विनंती करा. एका कॉलेजने मान्य केली म्हणून दुसरं करेलच असं नाही.

यूसीला होकार १ जूनपर्यंत कळवायचा आणि शेवटची गुणपत्रिका १ जुलैपर्यंत पाठवायची. डी अँझाचं स्प्रिंग क्वार्टर जूनअखेर संपतं, त्यामुळे गुणपत्रिका मागवताना ‘ग्रेड लागेपर्यंत थांबवा’ हा पर्याय निवडा. नाहीतर स्प्रिंगची ओळ रिकामी असलेली प्रत जाते आणि जुलैत धावपळ होते.