भिंगरी कितवीतल्या मुलांची?

प्रश्न : नातीला रोज रात्री सांगत होतो ती गोष्ट आता लिहून काढली आहे. मिरजेच्या कृष्णाघाटावर हुंदडणाऱ्या भिंगरी नावाच्या शेळीची. चौदा प्रकरणं, सुमारे 18,000 शब्द. प्रकाशक विचारतात, 'वयोगट कोणता?' मला वाटतं आठ ते दहा. हे ठरवायचं कसं? आणि पुस्तक फार लांबलंय का? पहिली दोन प्रकरणं सोबत पाठवतो आहे. – एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, शेळी झकास आहे. विठूकाकांची पिशवी ती खाते तिथे मी एकटीच हसले. पण तुमची गोष्ट आठ वर्षांच्या मुलांची आहे आणि वाक्यं बारा वर्षांच्या.

हे तुमचंच वाक्य बघा : 'कृष्णाकाठच्या त्या पुरातन घाटाच्या पायऱ्यांवरून दुडदुडत उतरणाऱ्या भिंगरीच्या गळ्यातल्या घुंगराचा नाद ऐकून विठूकाकांच्या दुकानातले सगळेजण बाहेर आले.' सतरा शब्द, आणि कोणी काय केलं ते कळतं अगदी शेवटी. तोंडी सांगताना तुमचा आवाज, हातवारे मदतीला होते. छापील पानावर तिसरीतलं पोर 'आले'पर्यंत पोचेतो घाट विसरलेलं असतं. त्याऐवजी 'भिंगरी घाटाच्या पायऱ्या उतरत होती. गळ्यातलं घुंगरू वाजत होतं. दुकानातले सगळे बाहेर आले.' 'पुरातन' गेला तर जाऊ द्या, शेळीला त्याचं काही नाही.

इंग्रजीत वाक्याची लांबी आणि शब्दातले उच्चारखंड मोजून इयत्ता सांगणारी सूत्रं आहेत. ती मराठीला लावू नका. 'पायऱ्यांवरूनसुद्धा' हा आपला एकच शब्द, त्याला ते सूत्र थेट कॉलेजात नेऊन बसवेल. आपल्याकडे मुलं अडतात ती जोडाक्षरांवर आणि लांबलेल्या वाक्यांवर. त्यातही, तुमच्या गोष्टीतलं 'ज्योत्स्ना' हे नाव मला खटकलं नाही. पानोपानी येतं, तिसऱ्यांदा मूल ते चित्रासारखं ओळखतं. एकदाच येऊन जाणारे 'औत्सुक्य' आणि 'निष्कर्ष' मात्र काढा.

आता लांबी. 'निपुण भारत' या सरकारी अभियानात तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला निदान 60 शब्द या वेगाने, समजून वाचावा असं उद्दिष्ट आहे. त्या वेगाने तुमचं पुस्तक पाच तासांचं होतं आणि एक प्रकरण वीस मिनिटांहून जास्त. स्वतः वाचायला नुकतंच लागलेलं मूल एका बैठकीत दहा-बारा मिनिटं टिकलं तरी मी खूश असते. म्हणजे प्रकरण सहाशे-सातशे शब्दांचं हवं. तुलनेला, 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर सर्वांत वरची, चौथी वाचनपातळी 1,500 शब्दांच्या पुढे सुरू होते, आणि तुम्ही त्याच्या बारापट लिहिलंय! माझं मत : 9,000 शब्दांवर आणा. जमत नसेल तर दोन पुस्तकं करा, शेळी दोन पुस्तकं सहज पेलेल.

पानांच्या आकड्याला भुलू नका. सोळा पॉइंटचा टाइप, मोकळ्या ओळी आणि चित्रं घेतली की पानावर सव्वाशेएक शब्द बसतात. 9,000 शब्दांची बहात्तर पानं, वर चित्रं आणि सुरुवातीची पानं, म्हणजे सोळा पानी सहा फॉर्म (एका कागदावर एकत्र छापली जाणारी पानं म्हणजे एक फॉर्म), 96 पानं. तोच मजकूर बारीक टाइपात दाबून 48 पानांत बसवणारे प्रकाशक असतात. तुमचे तसं सुचवू लागले तर नाही म्हणा. पुस्तक स्वस्त होतं आणि कोणी वाचत नाही.

परीक्षा मुलांकडूनच करवून घ्या, पण नातीकडून नको. तिला गोष्ट पाठ आहे. शेजारपाजारच्या तिसरी-चौथीतल्या मुलांना मधलं कुठलंही पान मोठ्याने वाचायला द्या. शब्द अडला की एक बोट उघडायचं. एका पानात पाचही बोटं उघडली तर पान जड. मूल कुठे थांबून 'पुढे काय?' विचारतं आणि कुठे खिडकीबाहेर बघतं, तेही टिपून ठेवा. दुसऱ्या प्रकरणात घाटाचा इतिहास येतो तिथे खिडकीबाहेर बघतील, आत्ताच सांगते.

मुखपृष्ठावर 'आठ ते दहा' छापण्यापेक्षा मलपृष्ठावर बारीक अक्षरात 'स्वतः वाचण्यासाठी : तिसरीपासून' एवढंच घाला. पुण्या-मुंबईतली इंग्रजी माध्यमाची अकरा वर्षांची मुलं मराठी सावकाश वाचतात, त्यांनाही ही शेळी आवडेल. पण 'आठ वर्षे' दिसलं की ती पुस्तकाला हात लावणार नाहीत.