पाटल्या गहाण ठेवून लाईट बिल फुकट होत नसतं

प्रश्न : कसबा बावड्यात आमचं दुमजली घर आहे. आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे, वय ४६, पगार हातात ४५,०००. ऑक्टोबरात १७५ युनिट होतात, गेल्या जानेवारीत २९० झाले. वर्षाचे मिळून २,७०० च्या घरात जातात. २५ लिटरचा गिझर पहाटे पाच ते दहा चालू असतो. आईच्या सांधेदुखीमुळे थंडीत रात्री दीड तास हीटर लावतो. २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर ३८,००० ला मिळतोय. दुसरा विक्रेता ३ किलोवॅटची पॅनेल घ्या म्हणतो. वडील म्हणतात, माळ्यावरचा बंब उतरवा. काय करावं? पुढच्या बिलाची काळजी तशी मिटली आहे. पाहुण्यातल्या एका एजंटाकडून पॉलिसी घेतली आहे. वर्षाला ६०,००० असे दहा वर्षं भरायचे, बाराव्या वर्षाअखेरपासून वीस वर्षं दरसाल ६०,००० मिळणार, म्हणजे लाईट बिल त्यातच निघेल. पॉलिसीचे कागद १८ डिसेंबरला हातात आले. बँकेत १ लाख १० हजारांची ठेव आहे, ती मोडू नका असं एजंट म्हणाले, म्हणून पहिला हप्ता आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून भरला, व्याज १२ टक्के. पुढचे हप्ते बोनसमधून भरेन.

उत्तर : गिझरचं नंतर बघू. आधी कॅलेंडर बघा. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात आणि हा तुमचा हक्क आहे, कंपनीची मेहरबानी नाही. १८ डिसेंबर धरला तर १७ जानेवारीपर्यंत मुदत आहे. पण पॉलिसी आधी ई-मेलवर आली असेल तर दिवस तिथून मोजले जातील, म्हणून मेल आजच उघडून बघा आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

काम एका सकाळचं आहे. कंपनीच्या शाखेत स्वतः जा. सोबत मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक, ओळखपत्र आणि एक साधा अर्ज न्या : ‘पॉलिसी क्रमांक अमुक, अटी मान्य नाहीत, फ्री-लूकमध्ये रद्द करून रक्कम खात्यावर जमा करावी.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच शिक्का घ्या आणि तोच मजकूर कंपनीच्या ई-मेलवरही पाठवा. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च एवढंच कापून बाकी पैसे परत मिळतात.

अर्ज एजंटाच्या हातात देऊ नका. ‘मी बघतो, तुम्ही निवांत राहा’ असं म्हणून कागद तिसाव्या दिवसापर्यंत पिशवीत राहिल्याची उदाहरणं ढिगाने आहेत. पॉलिसी परत गेली की त्यांचं कमिशनही परत जातं, त्यामुळे निवांत कोण राहणार ते उघड आहे. पाहुण्यातले आहेत म्हणून जड जात असेल तर शिक्का मिळाल्यावर सांगा, आधी नको. शाखेत टोलवाटोलवी झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ हे तक्रारीचं पोर्टल आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही नाही.

आता पॉलिसी का परत करायची ते आकड्यांत. सहा लाख भरून बारा लाख मिळतात, म्हणजे पैसे दुप्पट, असं तुम्हाला सांगितलं असणार. पण ते दुप्पट व्हायला ३१ वर्षं लागतात. वर्षाचा परतावा काढला तर चार टक्क्यांच्या थोडा वर येतो. तेच ६०,००० दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले, आजचा ७.१ टक्के दर तसाच राहिला आणि पुढे दोन वर्षं हात लावला नाही, तर बाराव्या वर्षाअखेर सव्वादहा लाखांच्या आसपास जमतात. त्यावरचं नुसतं व्याज वर्षाला ७२,००० होतं. म्हणजे पॉलिसी देते त्यापेक्षा १२,००० जास्त, आणि मुद्दल जागेवर. पॉलिसीत वीस वर्षांनी हातात काहीच उरत नाही. पीपीएफला १५ वर्षांचं कुलूप आहे, पण सातव्या वर्षापासून वर्षातून एकदा काही रक्कम काढता येते.

शिवाय पॉलिसीचे ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. आज तुमचं जानेवारीचं बिल ३,३०० च्या आसपास असेल, म्हणून ५,००० भरपूर वाटतात. महागाई सहा टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांनी त्या ५,००० ला आजच्या २,५०० ची किंमत उरेल, आणि शेवटचा हप्ता येईल तेव्हा तुम्ही ७७ वर्षांचे असाल. विजेचं बिल तोवर ५,००० वर थांबून तुमची वाट बघणार नाही.

आणि हे चार टक्के मिळवायला तुम्ही १२ टक्के मोजताय! ६०,००० वर वर्षाला ७,२०० व्याज. त्याच वेळी ठेव बँकेत सहा-सात टक्क्यांनी पडून. ठेव मोडू नका हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण पाटल्या गहाण ठेवून तो पाळला तर दरमहा अडीच-तीनशे रुपये फुकट जातात. विम्याचे पैसे परत आले की थेट पतसंस्थेत जाऊन कर्ज फेडा. मुदतपूर्व फेडीचा आकार आहे का ते विचारा, आणि पाटल्या घेताना पावतीवरचं वजन तिथेच काट्यावर ताडून घ्या. कंपनीने महिनाभर लावला तरी हरकत नाही, ठेव मोडून आज फेडलं तर आणखी बरं.

बोनसवर दहा वर्षांचे हप्ते बांधणं हा तर निव्वळ आशावाद. फाउंड्रीच्या ऑर्डरी कशा वर-खाली होतात ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. एखाद्या दिवाळीला बोनस अर्धा आला की पॉलिसी लटकली. फ्री-लूकची मुदत चुकली असेल तर मात्र दुसरा हप्ता भरण्याआधी, पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर किती मिळतील ते कंपनीकडून लेखी घ्या. पूर्ण पैसे मिळणार नाहीत, पण नुकसान एका हप्त्याच्या आत थांबेल.

या पॉलिसीत विमा साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे सहा लाख असेल. तुमचा तेरा महिन्यांचा पगार. सहा माणसांच्या घरात कमावते तुम्ही एकटे असाल तर साठीपर्यंतचा किमान ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. शुद्ध विम्याला असल्या पॉलिसीच्या हप्त्याचा छोटा हिस्सा पुरतो. दोन-तीन कंपन्यांचे दर स्वतः काढा, पाहुण्यांना त्रास देऊ नका.

आता बिल. जानेवारीत ऑक्टोबरपेक्षा ११५ युनिट जास्त गेले. त्यातले ४५ हीटरचे : १,००० वॅट, दीड तास, तीस दिवस. उरलेले सत्तर गरम पाण्याचे. तुम्हाला महावितरणच्या पहिल्या शंभरातलं युनिट वीज शुल्कासह साधारण ७ रुपयांना पडतं, १०१ ते ३०० पर्यंतचं युनिट १३ च्या आसपास, आणि ३०० च्या पुढचं १८ च्या घरात. नेमका आकडा बिलाच्या मागच्या बाजूला बघा. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो हा गैरसमज आहे, फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे थंडीचा जादा भार महिन्याला दीड हजार, चार महिन्यांचे सहा हजार.

आईच्या सांध्यांवर काटकसर करू नका. हीटर लावताना खिडकीच्या फटी आणि दाराखालची फट कापडाने बुजवा, एक हजार वॅटची एकच कांडी पुरते. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी दिली तर दीड तासाचा पाऊण तास होईल. कुणी ‘ऑइलचा हीटर वीज कमी खातो’ म्हणून सात-आठ हजारांचा गळ्यात मारायला आला तर त्याला परत पाठवा. एका युनिट विजेतून दोन्ही हीटर सारखीच उष्णता देतात, फक्त ऑइलचा ती सावकाश सोडतो.

गिझरचा थर्मोस्टॅट बहुधा ७५ वर असेल, तो ५५ वर आणा. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ ला न्यायला एक युनिट लागतं, २ किलोवॅटच्या गिझरला अर्धा तास. त्यात गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात. सहा माणसं म्हणजे तीन भरण्या, तीन युनिट. पाच तास चालू ठेवल्याने अधूनमधून पुन्हा तापतो, त्याचा खर्च महिन्याला शंभरभर रुपये, त्यावरून घरात भांडण नको. बोअरचं पाणी असेल तर कांडीवर क्षाराचा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कांडी जळते. दोन वर्षांनी एकदा गिझर उघडून कांडी खरवडून घ्या आणि आतली मॅग्नेशियमची सळई झिजली असेल तर बदला. ती झिजून संपली की टाकी गंजायला लागते.

बंबाबद्दल वडिलांचं एका अटीवर बरोबर आहे : परड्यात नारळाच्या झावळ्या, करवंट्या, शेणी असं फुकटचं जळण असेल तर. जळण विकत आणून बंब पेटवायचा तर बचत धुरात जाते. आणि बंब अंगणातच, बंद न्हाणीघरात कधीच नाही. हेच गॅस गिझरला लागू. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस दार आतून लावून अंघोळीला गेलेला असतो.

सोलर वॉटर हीटर की पॅनेल? दोन्ही विक्रेते एकच बचत दोनदा विकत आहेत. तुमचं गरम पाणी वर्षाला ८५०-९०० युनिट खातं. वॉटर हीटर थंडीत उत्तम चालतो, कारण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ असतं. पण जून ते सप्टेंबर तो जवळजवळ शोभेचा, तेव्हा गिझर लावावाच लागतो. साडेसहाशे युनिट वाचले तर वर्षाला साडेआठ हजार, ३८,००० वसूल व्हायला साडेचार वर्षं. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत वीस मीटर पाऊण इंची पाइप असेल तर गरम पाणी येण्याआधी सहा लिटर गार पाणी दर वेळी ओतून द्यावं लागतं, हे विक्रेता सांगत नाही.

पॅनेलचा हिशेब त्याहून सरस आहे, पण ३ किलोवॅटचा नव्हे. एक किलोवॅट आपल्याकडे महिन्याला सरासरी ११० युनिट देतं. २ किलोवॅटचे वर्षाला २,६४०, तुमचा वापर २,७००. आणखी काय हवं? ३ किलोवॅटचे वरचे तेराशे युनिट वर्षाअखेर किरकोळ दराने जमा होतील. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे. २ किलोवॅटचा खर्च १ लाख ३० हजार धरला तर ६०,००० वजा जाऊन ७०,००० राहतात. बिलात वर्षाला सव्वीस-सत्तावीस हजार वाचतील, तीन वर्षांत वसूल. गिझर आहे तोच ठेवा, वॉटर हीटर घेऊ नका. बिल शून्य मात्र येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि वीज गेली की पॅनेलही बंद पडतात, बॅटरीशिवायच्या यंत्रणेची तशीच रचना असते.

पैसे? अनुदान मीटर बसल्यानंतर खात्यावर येतं, तोवर सोय लागते. ठेव पाटल्यांसाठी मोडली नसेल तर आणीबाणीसाठी तशीच राहू द्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं सूर्यघर कर्ज घ्या, दर सहा-सात टक्क्यांच्या आसपास असतो. १ लाख ३० हजारांवर पाच वर्षांचा हप्ता अडीच हजारांच्या जवळ, म्हणजे बिलात वाचतात त्याहून थोडाच जास्त. अनुदान आलं की ते कर्जात भरून टाका. विक्रेत्याच्या ओळखीच्या फायनान्स कंपनीचा ‘शून्य व्याज’ वाला कागद दिला तर सही करू नका, ते व्याज पॅनेलच्या किमतीत आधीच घातलेलं असतं.

अर्ज भरण्याआधी बिलावरचं नाव बघा. मीटर वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज आणि बँक खातंही त्यांचंच लागेल, नाहीतर आधी महावितरणमध्ये नाव बदलून घ्या. अनुदान इथेच अडकू शकतं. दिवसा पॅनेलनी बनवलेलं युनिट पहाटेच्या गिझरच्या वापरातून कसं वजा होईल, तेही तिथेच आजच्या नियमाप्रमाणे विचारून घ्या. पॅनेल भारतीय बनावटीची आणि विक्रेता योजनेच्या यादीतला हवा. साधारण दोनशे चौरस फूट जागा लागेल, जिच्यावर पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या माडाची सावली सकाळी नऊ ते दुपारी चार पडता कामा नये. साखर कारखाना तुमच्या बाजूलाच आहे, गाळपाच्या दिवसांत काजळी बसते, तेव्हा पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने सकाळी लवकर धुवा. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.