नवव्या क्रमांकावरचा सोबर्स

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. डावखुरी फिरकी टाकायला संघात घेतात, फलंदाजीला मात्र नवव्या क्रमांकावर ढकलतात, मग मी अष्टपैलू कसला, असं तू विचारतोस. वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सनं सुरुवात अगदी इथूनच केली होती रे.

1954 साल, किंग्स्टनचं सबाइना पार्क. संघाचा फिरकी गोलंदाज आल्फ व्हॅलेंटाइन खेळू शकत नव्हता, म्हणून बार्बाडोसच्या या 17 वर्षांच्या पोराला बोलावणं आलं. इंग्लंडविरुद्ध त्यानं 75 धावांत 4 बळी घेतले. फलंदाजीला नववा, नाबाद 14 आणि 26. पुढे 16 कसोट्या होईपर्यंत त्याच्या नावावर एकही शतक नव्हतं. तेव्हा त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

सतरावी कसोटी 1958 मध्ये, त्याच मैदानावर, पाकिस्तानशी. पहिलं शतक लागलं आणि गडी थांबलाच नाही. नाबाद 365! समोरचे काही गोलंदाज जायबंदी होते हे खरं, पण दहा तासांवर खेळपट्टीवर उभं राहायला स्वतःचेच पाय लागतात. त्या खेळीत 38 चौकार आहेत, षटकार एकही नाही. दहा वर्षांनी स्वान्सीला एका षटकात सहा षटकार मारणारा तो हाच. तुम्ही पोरं ते षटक पुन्हा पुन्हा बघता. मला विचारशील तर, उचलून मारायची ताकद असलेल्या माणसानं एवढा वेळ मोह आवरला, हे मला त्याहून मोठं वाटतं.

गोलंदाजीतही तो होता तिथे थांबला नाही. लँकेशायरच्या रॅडक्लिफ क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळताना त्यानं वेगवान मारा घोटवला. डावखुरी फिरकी सोडली नाही, वर मनगटी फिरकीही जोडली. नवा चेंडू असो की जुना, कर्णधाराला तो हवाच असायचा. 93 कसोट्यांत 8032 धावा, 235 बळी, 109 झेल.

क्रमांक बदलून मागण्यासाठी प्रशिक्षकांकडे एवढ्यात जाऊ नकोस. रविवारी सकाळी नेटमध्ये ये, पॅड घेऊन. नवव्याला अकराव्याची काळजी घ्यावी लागते. षटकाच्या शेवटच्या चेंडूवर एकेरी धाव चोरून स्ट्राइक आपल्याकडे कसा ठेवायचा, त्यावर तासभर घालवू.

तुझा,
काका