तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : निळूभाऊंचा दरारा आला कुठून?

गेल्या अंकात मराठी सिनेमातल्या खलनायकांवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला, त्यातली निम्मी एकट्या निळू फुलेंवर. म्हणून यावेळी फक्त त्यांच्याबद्दलचे प्रश्न घेतले, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : आई सांगते की तिच्या लहानपणी बायका निळू फुलेंचं नाव काढलं तरी बोटं मोडायच्या. माणूस खऱ्या आयुष्यात पण तसाच होता का हो?

अजिबात नाही. बायका शिव्या घालायच्या हे खरंय, ते स्वतःच हसत सांगायचे, आणि नटाला याहून मोठी पावती काय असणार! पण माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला. तरुणपणी पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी होते, पगार ऐंशी रुपये आणि त्यातले दहा सेवा दलाला द्यायचे. पुढे नाव झालं तरी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होतेच, आणि सामाजिक कार्यकर्त्यांसाठी निधी जमवायचा म्हणून डॉ. श्रीराम लागू वगैरे मंडळींबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोगही केले. पडद्यावर गावच्या पोरीबाळींवर डोळा ठेवणारा आणि बाहेर असा. मिमिक्रीवाल्यांनी मात्र त्यांना 'बाई, वाड्यावर या' एवढ्यावर आणून ठेवलं, याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : मी एकांकिका करतो. मला नेहमी व्हिलन देतात आणि मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतो, तरी दिग्दर्शक म्हणतो भीती वाटत नाही. निळूभाऊ न ओरडता कसं काय करायचे?

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'सामना' बघितलायस का? जब्बार पटेलांचा, लेखन तेंडुलकरांचं, १९७५ साली बर्लिनच्या फेस्टिव्हलला स्पर्धेत होता. त्यात निळूभाऊ म्हणजे हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखाना, गाव, माणसं सगळं त्यांच्या मुठीत. गावात कुठूनसा एक दारुडा मास्तर येऊन पडतो, म्हणजे लागू, आणि हिंदुराव त्याला चक्क घरी आणतो, खायला-प्यायला घालतो, त्याच्याशी गप्पा मारतो. बघ ना, पहिल्या भागात हा माणूस वाईट काहीच करत नाही, उलट आपल्याला तो आवडायला लागतो, आणि मग मास्तर विचारत सुटतो की गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं. तेव्हा निळूभाऊंचा आवाज चढत नाही, चेहऱ्यावरचं हसू थोडं उशिरा येतं, बोलण्याआधी एक गॅप येतो, बास. ज्याच्या एका शब्दावर गाव हलतं त्याला ओरडायची गरजच काय, ओरडतो तो ज्याचं कुणी ऐकत नाही. तू ओरडतोस तेव्हा प्रेक्षकाला कळतं की या पात्राच्या हातात काही नाहीये.

दुसरी गोष्ट, आणि हे माझं मत आहे. ते लोकनाट्यातून आलेले, 'कथा अकलेच्या कांद्याची' त्यांनी गाजवलेलं. वगात, म्हणजे लोकनाट्यातल्या नाटकात, समोरच्या पब्लिकचा अंदाज घेत बोलावं लागतं, वाक्य कुठे सोडायचं आणि कुठे दाबून धरायचं हे तिथे अंगात मुरतं. आणि समाजवादी विचाराचा माणूस, त्यामुळे अशा पुढाऱ्यांच्या विरोधातच उभा राहिलेला. ज्याच्याशी भांडायचं त्याला आपण नीट न्याहाळतो ना, तो बसतो कसा, गोड कधी बोलतो, कुणाला नावाने हाक मारतो. म्हणून त्यांचा पाटील खोटा वाटत नाही. तू पण आरशासमोर डोळे वटारायचे सोड आणि ज्याच्यापुढे लोक आपोआप उभे राहतात असा एखादा माणूस शोध. तो काय करतो त्यापेक्षा काय करत नाही ते बघ.

प्रश्न : इतका मोठा नट, मग आयुष्यभर तेच तेच रोल का घेतले?

१९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा गाजला आणि मग इंडस्ट्रीने तोच साचा धरून ठेवला, कुठलाही निर्माता हेच करतो. त्यातले बरेच सिनेमे आज बघवत नाहीत, खोटं कशाला बोलू, आणि तिथे त्यांना वाया घालवलं असंच वाटतं. पण 'तेच तेच' म्हणणं अर्धंच खरं. १९७२ मध्ये रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' केला, ज्यावरून सेन्सॉर, कोर्ट असा सगळा गदारोळ झाला, असा रोल घ्यायला छाती लागते. जब्बार पटेलांच्याच 'सिंहासन'मध्ये तर ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत, सगळ्या पुढाऱ्यांचे खेळ नुसते बघत फिरणारा माणूस, आणि शेवटी त्याचं डोकं फिरतं. जो सत्ता गाजवण्यासाठी प्रसिद्ध त्याला बघ्याच्या जागी बसवलं ही पटेलांची कमाल, आणि निळूभाऊंनी तिथे हिंदुरावाची सावलीसुद्धा पडू दिली नाही. हिंदीत १९८४ चा 'सारांश' बघा, म्हाताऱ्या जोडप्याला छळणारा पुढारी. साचा ओळखीचा आहे पण हिंदीच्या गोंगाटातही त्यांनी सूर खालीच ठेवलाय.

प्रश्न : त्यांच्या घरच्यांबद्दल काहीच वाचायला मिळत नाही, असं का?

कारण त्यांनी घर कधी बाजारात मांडलं नाही. शेवटपर्यंत पुण्यात राहिले, १३ जुलै २००९ ला तिथेच गेले. मुलगी गार्गी फुले अभिनयातच आहे, 'तुला पाहते रे' मालिकेतली ईशाची आई म्हणजे तीच, तुमच्या घरात कुणीतरी नक्की बघितली असेल. बाकी घरातल्या गोष्टी विचारू नका, माहीत असत्या तरी छापल्या नसत्या.

प्रश्न : मी विशीतली आहे, त्यांचा एकही सिनेमा बघितला नाही. सुरुवात कुठून करू?

आधी 'सामना', मग दोन-तीन दिवसांत लगेच 'सिंहासन'. उलट्या क्रमाने नको, कारण हिंदुराव डोक्यात ताजा असला की दिगू टिपणीस बघताना जास्त धक्का बसतो. 'पिंजरा' त्यानंतर. तिथे लागूच जास्त दिसतील पण चालतंय.